मनाची मशागत : आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे जीवन



दीक्षेचा दिवस मोठ्या आनंदाचा असतो. पांढरी वस्त्रे नेसून आपण उभे राहतो, त्रिसरण-पंचशील ग्रहण करतो आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६ साली नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञा मोठ्याने म्हणतो. घरी येऊन देव्हारा उतरवतो. एवढे काम एका दुपारी होते. परंतु चार-सहा महिन्यांनी पोराला रात्री ताप भरतो, आणि आईच्या मनात पहिला विचार दवाखान्याचा येत नाही. मागे टाकलेल्या देवीचा कोप तर झाला नाही ना, असा येतो. दिवसभर उसाच्या फडात राबून आलेला बाप दारातच पोरांवर खेकसतो. सासू-सुनांची जुनी उणीदुणी तशीच चालू राहतात. गावात कोणी जातीवरून टोचून बोलला तर तो शब्द आठ-आठ दिवस डोक्यात घुमत राहतो. मग एखादा नवदीक्षित बांधव विचारात पडतो की, धम्म घेतला खरा, पण आपल्यात फरक काय पडला?

हा प्रश्न पडणे यात लाज वाटण्यासारखे काही नाही. भिंतीवरची तसबीर बदलते तितक्या लवकर मनाची वळणे बदलत नाहीत. ती वर्षानुवर्षांच्या सवयीने पडलेली असतात, गाडीवाटेवरच्या चाकोरीसारखी. चाकोरी मोडायची तर ती आधी डोळ्यांना दिसली पाहिजे. हे काम ज्यांनी आधी स्वतःच्या मनावर केले आणि त्यासाठी लागणारे ज्ञान पाली ग्रंथांतून आपल्या मराठीत आणले, अशा एका थोर पुरुषाची हकीकत आज सांगावयाची आहे. आचार्य धर्मानंद कोसंबी हे त्यांचे नाव. ते कोणी दूरदेशीचे स्थविर नव्हते. आपल्या गारगोटीच्या पश्चिमेला सह्याद्री उतरून गेले की कोकण आणि त्याला लागून गोवा लागतो. तेथले ते, नारळीच्या बागेत वाढलेले.

९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी धर्मानंदांचा जन्म झाला. वडिलांचे नाव दामोदर. घराणे सारस्वत ब्राह्मणांचे, आणि गोव्यावर राज्य पोर्तुगीजांचे. शाळेचे शिक्षण फार पुढे गेले नाही. १८९१ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, बाळाबाईंशी लग्न झाले. मुलगा घरच्या बागेची व्यवस्था पाहू लागला. बाहेरून पाहणाऱ्याला यात दुःख कसले ते दिसले नसते. खायला होते, राहायला घर होते, जातीची प्रतिष्ठा होती.

पण मन ठिकाणावर नव्हते. १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या 'निवेदन' या आत्मवृत्तात धर्मानंदांनी आपल्या तरुणपणातील मनःस्थिती काहीही न झाकता मांडली आहे. शिकण्याची तळमळ होती आणि शिकण्याचा मार्ग दिसत नव्हता. कधी उत्साहाचे भरते येई, कधी उदासीनतेची ओहोटी लागे. घर सोडून निघून जावे असे बेत होत आणि मोडत. अशा अवस्थेला आपल्याकडे लोक काय म्हणतात ते आपण जाणतो. कोणी म्हणतो करणी झाली, कोणी म्हणतो ग्रह वाकडे आहेत, कोणी अंगारा आणून कपाळाला लावतो. धर्मानंदांनी यातले काही कारण म्हणून पुढे केलेले नाही. मनाला काय होते, केव्हा होते, कशाने वाढते आणि कशाने उतरते हे ते पाहत राहिले. त्यावेळी त्यांना धम्माचा गंधही नव्हता. पण आपलेच मन परक्याच्या मनासारखे तटस्थपणे न्याहाळण्याची जी सवय पुढे त्यांच्या कामी आली, तिची सुरुवात त्या उदास दिवसांत झाली असे मला वाटते.

१८९७ च्या सुमारास 'बाळबोध मेवा' या मुलांच्या मासिकात त्यांनी भगवान बुद्धाचे चरित्र वाचले. लेख लहान मुलांसाठी लिहिलेला होता, पण या एकवीस वर्षांच्या गृहस्थाच्या मनाने तेथे ठाव घेतला. दुःख आहे, दुःखाला कारण आहे आणि ते कारण माणसाच्या आवाक्यातले आहे, हे सांगणारा कोणी या भूमीत होऊन गेला, एवढेच त्यांना हवे होते. येथे सहज आठवण होते ती भीमराव रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याची. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. दोघांनाही बुद्ध प्रथम भेटला तो मराठी पानांतून. आपल्या घरात मुलांच्या हाताला लागेल अशा जागी चार पुस्तके असावीत, ती एवढ्यासाठी.

१८९९ च्या अखेरीस धर्मानंदांनी घर सोडले. मुलगी माणिक तेव्हा तान्ही होती. या प्रसंगाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. चरित्रकार अशा गोष्टींवर गौरवाची झालर लावतात. पण बाळाबाईंच्या बाजूने पाहिले तर कडेवर मूल, नवरा परागंदा, तो परत येईल की नाही याची खात्री नाही, आणि लोकांची तोंडे मोकळी, अशी सहा-सात वर्षे त्यांना काढावी लागली. ज्ञानाची तळमळ कितीही खरी असली तरी तिची किंमत घरातल्या बाईने मोजली, ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. धम्म शिकण्यासाठी कोणालाही संसार टाकावा लागत नाही. बाबासाहेबांनी दीक्षा दिली ती नांदत्या-खात्या गृहस्थांना, बायकामुलांसकट.

पुढची वर्षे भटकंतीची. पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची ओळख झाली. तेथून ग्वाल्हेरवरून काशीस जाऊन, अन्नछत्रात जेवून संस्कृतचे अध्ययन केले. १९०२ साली, बौद्ध धम्म जिवंत पाहावा म्हणून, मोठ्या आशेने ते नेपाळात गेले, आणि तेथे त्यांना दिसले काय? पशूंचे बळी आणि निव्वळ कर्मकांड. ज्यासाठी घरदार सोडले ते असे निघाले म्हटल्यावर दुसरा कोणी कपाळावर हात मारून माघारी फिरला असता, किंवा धम्मच खोटा म्हणून मोकळा झाला असता. धर्मानंद निराश झाले, पण त्या निराशेला त्यांनी निर्णय करू दिला नाही. आपण पाहिले ते एका ठिकाणचे. मूळ वचने काय आहेत ती अजून आपण वाचलेलीच नाहीत, असा विचार करून ते पुढे निघाले. नवदीक्षितांना हा प्रसंग फार उपयोगाचा आहे. एखादा पुढारी खोटा वागला, विहाराच्या वर्गणीवरून भांडण झाले, की आपल्यातले काही जण लगेच धम्मालाच नावे ठेवू लागतात. राग आला तो एका माणसाचा, आणि निकाल लावला तो सगळ्याचा!

बुद्धगयेवरून, कलकत्त्यावरून ते त्याच वर्षी सिंहलद्वीपात पोचले. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांपाशी श्रामणेर दीक्षा घेऊन त्यांनी पालीचे अध्ययन केले. अन्न मानवेना, प्रकृती बिघडली, तरी अभ्यास टाकला नाही. पुढे ब्रह्मदेशात जाऊन भिक्षूंच्या सहवासात ध्यानाचा अभ्यास केला. १९०६ साली ते कलकत्त्यास परत आले, अध्यापन करू लागले, चीवर उतरवले आणि पत्नी-मुलीकडे परतले. १९०७ साली पुत्र दामोदर जन्मला; हाच पुढे गणिती आणि इतिहाससंशोधक म्हणून जगभर नावाजला गेला. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनी त्यांना महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करण्यासाठी दरमहा ५० रुपये देऊ केले. कलकत्त्याच्या मिळकतीपेक्षा ही रक्कम पुष्कळच कमी. पण बहुजनांच्या भाषेत लिहिता येईल म्हणून त्यांनी ती पत्करली. हे तेच सयाजीराव, ज्यांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली बाबासाहेब अमेरिकेस गेले.

आता मुख्य विषयाकडे वळू. १९१० साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स वुड्स यांच्यामुळे धर्मानंदांना तेथे बोलावणे आले. काम होते 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाची शुद्ध प्रत तयार करण्याचे. वॉरन नावाच्या अमेरिकन पंडिताने ते हाती घेतले होते, परंतु १८९९ मध्ये त्याचा मृत्यू झाल्याने ते अपुरे राहिले होते. हा ग्रंथ पाचव्या शतकात बुद्धघोषाचार्यांनी सिंहलद्वीपात अनुराधपूरच्या महाविहारात लिहिला. शील, समाधी आणि प्रज्ञा असे त्याचे तीन भाग. मन कसे घडते, कसे बिघडते आणि कसे दुरुस्त करता येते, याचा एवढा बारकाईने विचार करणारे ग्रंथ फार थोडे आहेत. धर्मानंदांच्या आयुष्याची उणीपुरी तीस वर्षे या ना त्या रीतीने या ग्रंथाच्या संगतीत गेली.

ग्रंथाचे नाव ऐकून घाबरण्याचे कारण नाही. त्यातली एक गंमतीची गोष्ट सांगतो. माणसांच्या स्वभावाचे त्यात सहा प्रकार केले आहेत. रागचरित, म्हणजे आसक्तीकडे झुकणारा. द्वेषचरित, म्हणजे पटकन चिडणारा. मोहचरित, म्हणजे गोंधळलेला. आणि श्रद्धाचरित, बुद्धिचरित व वितर्कचरित. (येथे राग याचा पाली अर्थ आसक्ती, आपण ज्याला राग म्हणतो तो द्वेषात मोडतो.) आता आपला स्वभाव कोणता हे ओळखायचे कसे? बुद्धघोष म्हणतात, माणूस झाडतो कसा ते पाहा. आसक्त स्वभावाचा मनुष्य केरसुणी नीट धरून, घाई न करता, अंगणात फुले पसरावीत तसा झाडतो. जागा स्वच्छ आणि सारखी होते. चिडका मनुष्य केरसुणी घट्ट आवळून, घाईघाईने, दोन्ही बाजूंना माती उडवीत, खरखर आवाज करीत झाडतो. जागा सारखी होत नाही. गोंधळलेला मनुष्य केरसुणी सैल धरून येथे थोडे, तेथे थोडे करतो. जागा स्वच्छही होत नाही आणि सारखीही होत नाही. चालण्यावरून, जेवण्यावरून, झोपण्यावरूनही अशीच पारख सांगितली आहे. पंधराशे वर्षांपूर्वीच्या भिक्षूने हे लिहिले, पण ज्या आयाबहिणी रोज पहाटे अंगण झाडतात त्यांना ते समजावून सांगावे लागणार नाही. सून आज कोणत्या मनाने उठली आहे हे सासूला केरसुणीच्या आवाजावरून कळते!

यातला मुद्दा हा की, भावना ही आभाळातून पडत नाही आणि अंगात शिरत नाही. तिला खुणा असतात. हात आवळतो, पावले आपटतात, घास न चावता गिळला जातो. या खुणा जो ओळखतो त्याला राग पेटण्याच्या आधी चार क्षण मिळतात. सतिपट्ठान सुत्तातही एवढेच करायला सांगितले आहे की, मन द्वेषाने भरलेले असेल तर ते द्वेषाने भरलेले आहे असे जाणावे; द्वेष नसेल तर नाही असे जाणावे. लगेच दाबावे असे सांगितलेले नाही. त्यासाठी स्वतःला दोष देत बसावे असेही नाही.

दुसरा मुद्दा याहून मोलाचा आहे, आणि आपल्या समाजाने त्याचा विशेष विचार करावा. बुद्धघोषांनी या सहा स्वभावांच्या जोड्या लावल्या आहेत. त्यांत द्वेषचरित आणि बुद्धिचरित हे एकमेकांच्या जवळचे आहेत असे ते सांगतात. कारण द्वेष दोष शोधतो आणि प्रज्ञाही दोषच शोधते. फरक एवढाच की द्वेष नसलेले दोषही शोधून काढतो आणि माणसाला झिडकारतो. प्रज्ञा असलेला दोष शोधते आणि त्या दोषाला झिडकारते. म्हणजे चिडखोर माणूस वाया गेलेला नव्हे. त्याची नजर तीक्ष्ण आहे, ती फक्त योग्य जागी लावावयाची आहे.

आपल्या वाडवडिलांनी जो अपमान सोसला त्याचा संताप आपल्या रक्तात असला तर त्यात नवल नाही. क्षमा आणि मैत्री यांचा उपदेश म्हणजे मुकाट्याने मार खाण्याचा उपदेश, असा कोणी अर्थ करील तर तो धम्माचा अर्थ नव्हे. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतल्यानंतर सनातन्यांनी परतणाऱ्या लोकांवर हल्ला केला. परिषदेला आलेल्यांत पलटणीतून निवृत्त झालेले कितीतरी लोक होते. बाबासाहेबांचा नुसता होकार आला असता तर महाडात रक्त वाहिले असते. त्यांनी लोकांना आवरले. त्यांना राग आला नव्हता असे कोण म्हणेल? त्याच रागाने पुढे खटला लढवला आणि दहा वर्षांनी, १९३७ साली, उच्च न्यायालयात तो जिंकला. त्याच रागाने १९३६ साली जातिसंस्थेची चिरफाड करणारा ग्रंथ लिहिला. शत्रूच्या डोक्यात काठी घालण्यापेक्षा त्याच्या शास्त्राचा पाया उकरणे अधिक अवघड असते.

आणि घरातल्या रागाचे काय? तेथे 'विसुद्धिमग्गा'त एकामागून एक उपाय दिले आहेत, वैद्याने एक औषध लागू पडले नाही तर दुसरे द्यावे तसे. रागावलेला मनुष्य दुसऱ्यावर फेकण्यासाठी हातात निखारा घेतो, आणि आधी भाजतो तो त्याचाच हात, हे पाहावे. तेवढ्याने शांत झाले नाही तर ज्याचा राग आला त्याची एखादी चांगली गोष्ट आठवावी. बोलणे वाईट असेल पण काम चांगले असेल, काम वाईट असेल पण बोलणे चांगले असेल. काहीच चांगले आढळले नाही तर अशा माणसाची पुढे काय गत होणार याची करुणा करावी. त्यानेही भागले नाही तर त्याला काहीतरी द्यावे, किंवा त्याच्याकडून घ्यावे. शेजारणीशी अबोला धरला असेल तर वाटीभर कालवण पाठवून पाहावे. शंभर शब्दांनी जे होत नाही ते एका वाटीने होते. आणि मैत्रीभावनेचा आरंभ शत्रूपासून करू नये, असेही तेथे बजावले आहे. आधी स्वतः, मग आपला आदरणीय माणूस, मग मित्र, मग ज्याचे सुखदुःख आपल्याला नाही असा कोणी, आणि शेवटी वैरी. पहिल्याच दिवशी वैऱ्यावर प्रेम करायला गेलेला मनुष्य दुसऱ्या दिवशी भावनाच सोडून देतो.

धर्मानंदांनी ध्यानाचे हे विषय १९२५ साली 'समाधिमार्ग' या छोट्या पुस्तकात सोप्या मराठीत समजावले. पुढे युरोप-अमेरिकेतील मानसोपचारकांनी आपल्या मार्गाने याच दिशेचा शोध घेतला. १९५० नंतरच्या दशकात अल्बर्ट एलिस आणि त्यापाठोपाठ एरन बेक यांनी असे मांडले की, माणसाला दुःखी करते ती केवळ घटना नव्हे, घटनेविषयी त्याच्या मनात आपोआप उठणारा विचार करतो. आणि तो विचार पकडून तपासता येतो. आज दवाखान्यांतून ही उपचारपद्धती वापरली जाते. आपल्याकडचे जुने सोने विलायतेहून पॉलिश होऊन आले की मग आपण त्याला मान देतो, हा जुनाच अनुभव आहे.

ताप आलेल्या पोराच्या आईचे आता पाहू. तिच्या मनात देवीच्या कोपाचा विचार आला, यात तिचा धम्म कमी पडला असे कोणी म्हणू नये. चाळीस वर्षांची चाकोरी आहे ती. मज्झिमनिकायात अशा विचारांवर सुताराचा दृष्टांत दिला आहे. लाकडात जाड खुंटी अडकली तर सुतार ती बारीक खुंटीने ठोकून बाहेर काढतो. तसा नको असलेल्या विचाराच्या जागी दुसरा चांगला विचार ठोकावा. ताप किती आहे, केव्हापासून आहे, पोर पाणी पिते की नाही, सरकारी दवाखान्यात आता कोण भेटेल, हे चार प्रश्न मोठ्याने विचारले की कोपाला मनात जागाच उरत नाही. त्याच निकायातील भयभेरव सुत्तात भगवंतांनी स्वतःच्या भीतीची हकीकत सांगितली आहे. बोधी प्राप्त होण्यापूर्वी ते अष्टमी-चतुर्दशीच्या रात्री मुद्दाम अशा जागी जाऊन राहत, जेथे वृक्षाखालच्या देवस्थानांना लोक भीत असत. हरीण आले, मोराने काटकी पाडली, वाऱ्याने पाचोळा हलला, की भीती वाटे. चालताना भीती वाटली तर ती जाईपर्यंत ते चालतच राहत. बसले असता वाटली तर बसूनच राहत. साक्षात बुद्ध होणाऱ्या पुरुषाला पाचोळ्याची भीती वाटली, हे त्यांनी लपवले नाही. मग आपल्या घरातल्या म्हातारीने अमावास्येला उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळायची आठवण काढली तर तिच्यावर ओरडू नये. तिच्याजवळ बसावे, आणि त्या रात्री काही होत नाही हे तिला तिच्याच डोळ्यांनी पाहू द्यावे.

हार्वर्डला एक गोष्ट घडली ती येथेच सांगितली पाहिजे. तेथील प्रमुख संपादक प्रा. लॅनमन आणि धर्मानंद यांच्यात, ग्रंथावर संपादक म्हणून कोणाचे नाव किती ठळक यावे यावरून, मतभेद झाला. कष्ट एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, हा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. धर्मानंद १९१२ साली काम अपुरे ठेवून परतले. मनाच्या शुद्धीचा ग्रंथ, आणि त्यावरूनच दोन पंडितांचे बिनसले! पण मायदेशी येऊन ते धुमसत बसले नाहीत. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात १९१८ पर्यंत पाली शिकवली आणि पु. वि. बापटांसारखे विद्यार्थी तयार केले. मग पुन्हा बोलावणे आले तेव्हा माणिक आणि दामोदर या मुलांना बरोबर घेऊन त्याच हार्वर्डला गेले, तेच पुस्तक पुन्हा उघडले. असे एकंदर चार वेळा. १९३२ साली काम संपले.

मधल्या काळात गुजरात विद्यापीठातील अध्यापन, रशियातील लेनिनग्राडचा मुक्काम आणि १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहातील तुरुंगवास झाला. १९३७ साली त्यांनी मुंबईत परळला बहुजन विहार उभारला, तो गिरणगावातील कामगार आणि अस्पृश्य म्हणून दूर ठेवलेल्या लोकांसाठी. जन्माने ब्राह्मण असलेला, चार वेळा अमेरिका पाहिलेला हा पंडित परळच्या वस्तीत धम्म सांगत बसला. बाबासाहेबांची येवल्याची घोषणा १९३५ सालची, हे लक्षात घेतले म्हणजे त्या विहाराचे महत्त्व कळते.

त्यांच्या 'भगवान बुद्ध' या १९४० च्या सुमारास निघालेल्या ग्रंथातील एक प्रकरण तर जणू आमच्या वेदगंगेच्या काठावर बसून लिहिले आहे. सिद्धार्थाने म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहिले म्हणून घर सोडले, ही कथा धर्मानंदांना पटेना. एकोणतीस वर्षांच्या माणसाने त्याआधी म्हातारा पाहिलाच नव्हता काय? जुन्या ग्रंथांचा शोध घेऊन त्यांनी दाखवले की शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा होता, आणि त्या शस्त्राच्या मार्गाचा वीट येऊन सिद्धार्थ बाहेर पडला. हेच कारण बाबासाहेबांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात विस्ताराने आले आहे. वर्षावासात आपण ते वाचतोच.

पाण्याची पाळी चुकली, बंधाऱ्याच्या फळ्या कोणी काढल्या, रात्रीची मोटर कोणी बंद केली, यावरून सख्ख्या भावांत कुऱ्हाडी निघाल्याच्या गोष्टी नदीकाठच्या गावांना सांगाव्या लागत नाहीत. अडीच हजार वर्षांपूर्वी रोहिणीचे पाणी ज्या कारणाने तापले, त्याच कारणाने आजही पाटाचे पाणी तापते. सिद्धार्थाने त्या सभेत उभे राहून लढाईला विरोध केला, चौकशीची मागणी केली, दोन्ही बाजूंचे लोक नेमून तंटा तोडावा असे सुचवले. बहुमत विरुद्ध गेले. शिक्षा म्हणून घर सोडणे त्याने पत्करले, पण संतापलेल्या सभेबरोबर आपले मन तापू दिले नाही. बाबासाहेबांनी हा प्रसंग ज्या तपशिलाने लिहिला आहे, तो वाचताना महाडची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

धर्मानंदांचा शेवट सांगणे अवघड आहे, पण टाळता येत नाही. वार्धक्यात शरीर रोगांनी जर्जर झाले. आता आपल्या हातून काम होत नाही, तर भार होऊन जगू नये, असे त्यांनी ठरवले आणि १९४६ साली आमरण उपोषण आरंभिले. गांधीजींच्या आग्रहावरून ते सोडले. पुढच्या वर्षी सेवाग्रामला पुन्हा उपवास सुरू केला, आणि जून १९४७ मध्ये त्यांचे देहावसान झाले. त्यांच्यावर उत्तरकाळात पार्श्वनाथाच्या चातुर्यामाचा प्रभाव होता, असे सांगितले जाते. कारण काही असो, त्यांचे हे पाऊल आपण घेऊ नये. काम करता येत नाही म्हणून माणसाचे मोल संपत नाही. घरातल्या आजारी म्हाताऱ्याच्या मनात आपण भार झालो आहोत असा विचार आला, तर त्याला तो बोलून दाखवू द्यावा, आणि आपण भार मानत नाही हे त्याला वागण्यातून दिसू द्यावे. ज्या कोणाला जगणे नकोसे वाटते त्याने ते मनात न ठेवता जवळच्या माणसाला सांगावे, डॉक्टरला सांगावे. २०२२ पासून सरकारने टेलि-मानस नावाची मोफत सोय केली आहे; १४४१६ या क्रमांकावर फोन केला की मनाच्या दुखण्यावर बोलणारे माणूस मिळते. पोटाच्या दुखण्याची आपल्याला लाज वाटत नाही, मग मनाच्या दुखण्याची का वाटावी?

'विसुद्धिमग्गा'ची नागरी लिपीतील आवृत्ती धर्मानंदांनी १९४० साली मुंबईहून, भारतीय विद्याभवनातर्फे काढली, म्हणजे ती त्यांच्या डोळ्यांदेखत निघाली. हार्वर्डची प्रत मात्र रखडली. ती बाहेर पडली १९५० साली, त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. तिच्या मुखपृष्ठावर मूळ संपादक म्हणून वॉरनचे नाव आहे आणि त्याखाली, संशोधित करणारा म्हणून, धर्मानंद कोसंबी यांचे.